वाताचे दुखणे : वैद्यांचे आणि हकिमांचे

दादीच्या पलंगाशेजारी भिंतीत एक कोनाडा होता. त्यात दोन बरण्या असत. एकीत पेठेतल्या वैद्यांकडून आणलेल्या महायोगराज गुग्गुळाच्या काळ्या गोळ्या, दुसरीत हकीमसाहेबांच्या दवाखान्यातले माजून सुरंजान. सकाळी कोमट पाण्याबरोबर गोळी, रात्री इशाची नमाज झाली की चमचाभर माजून. नमाज ती बसूनच पढे. सजद्यात गुडघा टेकवणे तिला जमत नसे, म्हणून मान लववून इशाऱ्यानेच सजदा करी. दुखणाऱ्या गुडघ्यापेक्षा हे जमिनीवर कपाळ न टेकणे तिला जास्त दुखे.

एकदा मोहल्ल्यातल्या एका तरुण नातेवाइकाने कोनाड्याकडे बोट दाखवून विचारले, "दादी, घरात हकिमाची दवा असताना वैद्याची कशाला? ते त्यांचं, हे आपलं." दादी तेल चोळत होती. हात न थांबवता म्हणाली, "दरद कू क्या मालूम रे, दवा किसकी हय."

तेव्हा आम्ही हसलो. पण 'ते त्यांचे, हे आपले' ही वाटणी पुढे माझ्या पिढीत पक्की होत गेलेली मी पाहिली. आयुर्वेद म्हणजे हिंदूंचा आणि युनानी म्हणजे मुसलमानांची, असे दोन्ही बाजूंची शिकली-सवरली माणसेही बिनदिक्कत बोलतात. इतिहास काय सांगतो ते पाहू गेल्यास दादीचा कोनाडाच अधिक खरा ठरतो. आणि हे तपासायला जुनाट दुखण्याइतका चांगला विषय नाही. ताप चार दिवसांत उतरतो किंवा माणसाला घेऊन जातो. सांध्यांचे, कंबरेचे, डोक्याचे जुनाट दुखणे मात्र माणसाला वर्षानुवर्षे दारोदार फिरवते. जिथे दुखणेकरी फिरतो तिथे दवाही फिरते, दवेचे नावही फिरते.

आधी मूळ घराकडे पाहू. चरकसंहितेत वाताचे ८० विकार मोजलेले आहेत आणि चिकित्सास्थानाचा २८वा अध्याय वातव्याधीला दिलेला आहे. सांध्यात शिरलेल्या वाताचे वर्णन आजही डोळ्यांसमोर उभे राहते : सांधा हाताला हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो आणि हातपाय पसरताना, आखडताना कळ येते. गृध्रसी या विकारात दुखणे ढुंगणापासून सुरू होते, मग कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असे उतरत जाते. हीच डॉक्टरांची सायटिका. अरबी वैद्यकात तिला 'इर्कुन्नसा' म्हणतात, सांधेदुखीला 'वजउल मफासिल' आणि अंगठ्याच्या सांध्यात ठाण मांडणाऱ्या दुखण्याला 'निक्रिस'. नावे वेगळी, पण दुखणेकऱ्याने दाखवलेले बोट त्याच जागेवर.

उपचारांचा क्रमही सरळ होता. वात कोरडा, थंड, चंचल. म्हणून त्याच्या उलट जायचे. आधी स्नेहन, म्हणजे पोटात आणि अंगावर तेल-तूप. मग स्वेदन, म्हणजे शेक. मग गरज असेल तर सौम्य रेचक, आणि वातासाठी विशेष महत्त्वाची बस्ती, म्हणजे औषधी काढ्याचा किंवा तेलाचा एनिमा. जोडीला रास्ना, एरंड, दशमूळ, गुग्गुळ. पुढे इसवी सन ७००च्या आसपास माधवकराने आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथात 'आमवात' हा वेगळा विकार म्हणून मांडला : न पचलेला आम सांध्यांत साचतो, सूज येते, अंग जड होते. येथे तेल चोळणे उलट अपाय करते, म्हणून लंघन, कोरडा वाळूचा शेक आणि पोटातून एरंडेल. म्हणजे सगळ्या सांधेदुखीला एकच औषध नाही, हे ही मंडळी जाणून होती. चरकाने वेदना शमवणाऱ्या औषधांचेही गट वेगळे केले आहेत : सर्वसाधारण वेदनेसाठी एक, अंग ठणकण्यासाठी दुसरा, पोटातल्या कळेसाठी तिसरा.

या शास्त्राचा मला सर्वांत जास्त भावलेला गुण म्हणजे प्रांजळपणा. वाताचे कित्येक विकार पुष्कळ प्रयत्न करूनही बरे होतात किंवा होत नाहीत, रोग नवा आणि रोगी बलवान असेल तरच हात घालावा, असे चरकसंहिता स्वच्छ सांगते. जाहिरातीच्या कागदावर हे वाक्य कधी छापलेले दिसत नाही.

आता बगदादकडे वळू. अब्बासी खलिफांच्या दरबारी बरमकी घराण्याचे वजीर होते. हे घराणे मूळचे बल्खचे. तिथल्या नवविहार या बौद्ध मठाचे त्यांचे पूर्वज प्रमुख होते. इस्लाम स्वीकारल्यावरही हिंदुस्थानच्या विद्येची ओढ त्यांच्यात शिल्लक होती. खलिफा हारून रशीदच्या काळात (७८६ ते ८०९) याह्या बिन खालिद बरमकीने हिंदी वैद्यांना बगदादेत बोलावले. इब्न नदीमने १०व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'फिहरिस्त' या ग्रंथसूचीत त्याची नोंद आहे. मनका नावाच्या हिंदी वैद्याने याह्याच्या सांगण्यावरून सुश्रुताचा ग्रंथ अरबीत उतरवला आणि तो रुग्णालयात हाताशी ठेवायचा ग्रंथ म्हणून वापरला जाई. बरमकींच्या रुग्णालयाचा प्रमुखही इब्न दहन हा हिंदीच होता. चरक आधी फारसीत गेला, मग अब्दुल्ला बिन अलीने तो अरबीत आणला. माधवाचे निदानही तिथे पोहोचले. स्वतः हारून रशीदवर मनकाने उपचार केल्याची हकीकत १३व्या शतकातला इब्न अबी उसैबिया सांगतो.

८५० साली अली बिन रब्बन तबरीने 'फिरदौसुल हिकमत' हा मोठा ग्रंथ पुरा केला. बराचसा भाग ग्रीक वैद्यकाचा, पण अखेरचा विभाग त्याने हिंदी वैद्यकाला दिला आणि चरक, सुश्रुत, माधवनिदान, वाग्भटाचे अष्टांगहृदय यांची नावे घेतली. पुढे राझीसारख्या थोर हकिमाच्या 'अल हावी'तही चरकाचे हवाले येतात. ज्याला आपण आज 'इस्लामी तिब्ब' म्हणून मिरवतो, त्याच्या पायाच्या दगडांत ग्रीक जालीनूस आहे तसाच आपला चरकही आहे.

हे दगड अजून दुकानात विकत मिळतात. कोणत्याही युनानी दवाखान्यात जा आणि इत्रिफल उस्तुखुद्दूस मागा. जुनाट डोकेदुखी आणि सर्दीवर हकीम ते देतात. 'इत्रिफल' म्हणजे त्रिफळा : हलेला, बलेला आणि आमला, आपले हिरडा, बेहडा आणि आवळा. 'उस्तुखुद्दूस' हे एका सुगंधी वनस्पतीचे ग्रीक नाव, अरबी उच्चारात घोळलेले. संस्कृत आणि ग्रीक, दोघे अरबी पोशाखात एका बरणीत बसले आहेत. युनानीतले 'तुर्बुद' हे आपले निशोत्तर, संस्कृतातले त्रिवृत.

आणि बिब्बा! आपल्याकडे टाच दुखली, गुडघा धरला की बिब्बा तापवून त्याचे तेल लावायची जुनी चाल आहे. संस्कृतात तो भल्लातक. अरबीतला 'बलादुर' हे त्याचेच रूप मानले जाते. 'फुतूहुल बुलदान' लिहिणारा ९व्या शतकातला नामवंत इतिहासकार बलाधुरी याचे नाव याच बिब्ब्यावरून पडले. स्मरणशक्ती वाढवायला बलादुर घेतल्याने बुद्धी भ्रमिष्ट झाली, अशी त्याच्याविषयी परंपरागत हकीकत आहे. बिब्ब्याने अंगावर फोड उठतात हे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. दवा प्रवासाला निघाली की तिच्यातले विषही बरोबर जाते, हे या कथेतून ध्यानात ठेवण्यासारखे.

हीच गोष्ट तुंबडीची. सुश्रुताने दूषित रक्त काढण्यासाठी तीन साधने सांगितली : शिंग, जळू आणि तुंबा, म्हणजे वाळलेला पोकळ भोपळा. वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी तुंबा. मराठीतली 'तुंबडी लावणे' ही क्रिया त्याच तुंब्याची. अरबस्तानात हीच क्रिया हिजामा म्हणून रूढ होती. बुखारीतल्या हदीसमध्ये शिफा तीन गोष्टींत सांगितली आहे : मधाचा घोट, हिजामाची चीर आणि विस्तवाचा डाग. डागाबद्दल मात्र लगेच मनाई केलेली आहे. सुश्रुतानेही सांधे, स्नायू आणि हाडे यांच्या उग्र वेदनेवर अग्निकर्म सांगितले आहे. कोणी कोणाकडून उचलले, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. दुखऱ्या अंगापुढे हतबल झालेली माणसे वेगवेगळ्या मुलखांत सारख्याच वाटांनी गेली.

हिंदुस्थानात तर वैद्य आणि हकीम एकाच गल्लीत आले. दख्खनची गोष्ट आधी सांगतो, कारण ती आपल्या घरची. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा (१४३६ ते १४५८) याने बिदरला मोठे रुग्णालय बांधले, औषधे आणि अन्न यांच्या खर्चासाठी गावे तोडून दिली आणि तिथे मुसलमान व हिंदू असे दोन्ही वैद्य नेमले. ही माहिती फरिश्ता देतो. हा मुहम्मद कासिम फरिश्ता लहानपणी अहमदनगरला आला, निजामशाहीत वाढला आणि १५८९ साली विजापूरला दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयाला गेला. त्याला आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. पण तो हकीमही होता, आणि हिंदी वैद्यकावर त्याने 'दस्तूरुल अतिब्बा' हा फारसी ग्रंथ लिहिला.

त्याच्या आधी उत्तरेत सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने १५१२ साली 'मादनुश शिफा सिकंदरशाही' सिद्ध केला. चरक, सुश्रुत, माधवनिदान, वाग्भट, शार्ङ्गधर, चक्रदत्त असे संस्कृत ग्रंथ समोर ठेवून त्याने त्यांचे सार फारसीत आणले. हे का केले याचे कारण त्याने प्रस्तावनेत दिले आहे. युनानी वैद्यक या देशाच्या हवेला आणि येथल्या माणसांच्या प्रकृतीला पुरते मानवत नाही, आणि त्यातल्या औषधांची परकी नावे येथल्या लोकांना कळत नाहीत. म्हणजे सुलतानाचा मुसलमान वजीर सांगतो आहे की, दवा मातीला धरून हवी आणि तिचे नाव रोग्याला कळायला हवे. पुढे इब्राहीम लोदीची मर्जी फिरली आणि मियाँ भुवा कैदेत मेला. ग्रंथ मात्र टिकला. १९व्या शतकात लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने तो छापला. संस्कृत विद्या फारसीत नेणारा मुसलमान आणि ती फारसी पोथी छापून वाचवणारा हिंदू, हा योगही लक्षात ठेवावा.

देवघेव एकाच बाजूने नव्हती. अफू चरक-सुश्रुतांच्या औषधांत नाही. मुसलमानी संपर्कानंतर ती 'अहिफेन' हे नाव घेऊन संस्कृत ग्रंथांत येते. १३००च्या आसपासच्या शार्ङ्गधरसंहितेत अफू आहे आणि 'आकारकरभ'ही. हा आकारकरभ म्हणजे आपला अक्कलकारा, अरबी 'आकिरकर्हा'. दातदुखीवर त्याचा तुकडा चघळून पाहिलेल्यांना त्याची चुणचुण आठवत असेल.

१६व्या शतकात एक नवे दुखणे आले आणि नवी दवाही आली. भावमिश्राच्या भावप्रकाशात 'फिरंग रोग' आहे. फिरंग्यांच्या संसर्गाने येणारी ही उपदंशाची व्याधी सांध्यांत शिरली की आमवातासारखी वेदना देते, असे तो लिहितो. त्यावर त्याने सांगितलेली एक दवा म्हणजे द्वीपांतरवचा, आपली चोपचिनी. नावातच परदेश आहे. हेच चिनी मूळ गोव्यात बसलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता वापरत होता. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने चोपचिनीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ऑर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून जात असे. तिथे त्याची अरबी-फारसी हकिमांशी आणि हिंदू वैद्यांशी गाठ पडे. निजामशहा त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी आणि तो निजामशहाला लॅटिन. सुलतान आणि वैद्य एकमेकांचे शागीर्द झाले होते. हा ऑर्ता ज्यू वंशाचा. मृत्यूनंतर १५८० साली गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ज्ञान कोणाचे, हे रक्तावरून ठरवू लागले की गोष्ट कुठवर जाते, त्याचा हा दाखला.

मग वाटणी झाली कधी? ती एका दिवसात झाली नाही. इंग्रजी अमलात पाश्चात्त्य वैद्यक हेच खरे आणि बाकीचे जुनाट, असे ठरू लागले. १९१२ साली मुंबई प्रांतात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला आणि वैद्य व हकीम दोघेही नोंदवहीच्या बाहेर राहिले. हे संकट ओळखून दिल्लीच्या हकीम अजमल खान यांनी १९१०पासूनच दोघांना एका मांडवाखाली आणले होते. त्यांच्या परिषदेचे नावच 'ऑल इंडिया वैदिक अँड युनानी तिब्बी कॉन्फरन्स' असे होते. त्यांच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाची कोनशिला १९१६ साली लॉर्ड हार्डिंग यांनी बसवली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. त्या भाषणात गांधीजींनी स्तुतिसुमने उधळली नाहीत. पाश्चात्त्य डॉक्टरांमध्ये जी शोधक वृत्ती आहे ती आपल्या वैद्य-हकिमांत नाही, अशी कानउघाडणी त्यांनी केली.

अजमल खानांना विरोधही झाला. हिंदू-मुसलमानांच्या राजकारणाला जशी धार चढत गेली, तसे 'शुद्ध आयुर्वेद' मागणारे एका बाजूला आणि तिब्बमध्ये भेसळ नको म्हणणारे दुसऱ्या बाजूला उभे राहिले. हजाराहून अधिक वर्षे जे सरमिसळ होत आले होते, त्यात शुद्ध काय शोधायचे? तरीही कॉलेजे वेगळी झाली, पाट्या वेगळ्या झाल्या, आणि हळूहळू रोगीही वेगळे झाले.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, लेखकाला जुन्या औषधांचा गौरव करून मोकळे व्हायचे आहे. तसे नाही. सामायिक वारशात सामायिक दोषही असतात. दादीच्या पहिल्या बरणीकडे पुन्हा पाहू. शार्ङ्गधराच्या महायोगराज गुग्गुळाच्या पाठात इतर भस्मांबरोबर नागभस्म आहे. नाग म्हणजे शिसे. दादी ते वर्षानुवर्षे घेत होती. शिसे हाडांत साचते, मज्जातंतूंना आणि मूत्रपिंडांना इजा करते, हे आज निर्विवाद आहे. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ही बातमी वाचून आपल्यातल्या कोणी हसू नये. वैद्यांचे जे भस्म तेच हकिमांचे कुश्ते.

दुसरी बरणी सुरंजानची. हा कोल्चिकम जातीचा कंद. त्याच जातीतून १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी वेगळे केलेले कोल्चिसीन आजचे डॉक्टरही गाउटसाठी, म्हणजे निक्रिससाठी देतात. जुन्या हकिमांची नजर तीक्ष्ण होती, याची ही साक्ष. पण कोल्चिसीनची मात्रा थोडी जास्त झाली तरी जीव जाऊ शकतो. म्हणून गोड सुरंजान पोटात आणि कडू बाहेरून, असा भेद हकिमांनी केला.

तिसरी बरणी मी आतापर्यंत सांगितली नाही. ती कोनाड्यात फार दिवस नव्हती. आठवडी बाजारात एक फिरता औषधवाला येई. त्याच्या पिवळ्या पुड्यांनी दादीचा गुडघा चार दिवसांत हलका झाला. तिने जमिनीवर कपाळ टेकून सजदा केला आणि रडली. आम्हा सर्वांना करामत वाटली. तीन महिन्यांत तिचा चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुडी चिमटीत धरून सांगितले की, यात बहुधा स्टिरॉइड आहे. त्या औषधवाल्याने पुडी देताना अम्मीच्या समोर बिस्मिल्लाह म्हटले होते. त्याच बाजारात दुसऱ्या गिऱ्हाइकाला देताना त्याने दुसऱ्या कोणाचे नाव घेतले असेल. पुडी तीच.

त्या दिवसापासून मला वाटते की, आपण प्रश्नच चुकीचा विचारत आलो. 'दवा कोणाची?' हा प्रश्न मनकाने विचारला नाही, मियाँ भुवाने विचारला नाही, निजामशहा आणि ऑर्ता यांनीही नाही. त्यांनी विचारले : यात काय आहे? याचे नाव काय? किती द्यायचे? कोणाला देऊ नये? न ओळखलेले औषध विषासारखे आणि ओळखलेले अमृतासारखे, असे चरकसंहिताही सांगते. कायद्याने आज आयुर्वेद आणि युनानी पुन्हा एका छपराखाली आहेत. १९७० सालच्या भारतीय चिकित्सा परिषदेच्या कायद्यात दोन्ही होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या कायद्यातही आहेत. छप्पर एक झाले, आता प्रयोगशाळाही एक व्हावी. गोळी कोणत्याही पाटीच्या दुकानातली असो, तिच्यातले शिसे मोजणारा तराजू सारखाच हवा.

अम्मीचे गुडघेही आता दुखतात. तीही खुर्चीवर बसून नमाज पढते. सकाळी तिळाचे तेल कोमट करून मी तिचे पाय चोळतो. चरकाने सांगितलेले स्नेहन ते हेच. पोटात काही द्यायचे असेल तर आधी डॉक्टरांना दाखवतो, डबीवरचे घटक वाचतो, समजले नाही तर विचारतो. कोनाडा अजून आहे. दादीच्या दोन्ही बरण्या धुऊन त्यात हिरडा आणि सुंठ भरून ठेवली आहे. परवा शेजारच्या काकू सुंठ मागायला आल्या. अम्मीने बरणीच त्यांच्या हातात दिली.